खालच्या दोऱ्याचा ताण



भरतकामाच्या यंत्रावर काम करताना काही बिघडले की सर्वांत आधी आळ येतो तो खालच्या बॉबिनवर. वरचा रंगीत दोरा सर्वांच्या कौतुकाचा विषय होतो. खालचा पांढरा दोरा मात्र कोणाच्या दृष्टीस पडू नये अशीच आपली अपेक्षा असते, आणि तो दृष्टीस पडला की काहीतरी चुकले असे समजावे. हिरव्या पानाच्या कडेला पांढरे ठिपके उमटतात, कापडाच्या उलट्या बाजूस दोऱ्याची जाळी जमते, सुई अडकते, दोरा तुटतो. अशा वेळी हात आपोआप पेचकसाकडे जातो आणि बॉबिनच्या डबीवरचा तो इवलासा स्क्रू फिरू लागतो. तो केव्हा फिरवावा आणि त्याआधी काय काय पाहावे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

या विषयाला आता केवळ हौसेचे महत्त्व राहिलेले नाही. पूर्वी घरच्या काळ्या यंत्रावर लाकडी रिंग धरून उशीच्या अभ्र्यावर दोन फुले काढली म्हणजे समाधान होई. आज संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे गावोगावी आली आहेत. ब्लाउजच्या पाठी आणि बाह्या, शाळेच्या गणवेषावरील बोधचिन्हे, साड्यांचे काठ अशी कामे कित्येक भगिनी घरबसल्या करतात. यंत्रासाठी कर्ज काढलेले असते आणि त्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. अशा घरी ताण बिघडून यंत्र एक दिवस बंद राहिले, तर तो दिवस हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला जाऊन बसतो. गिऱ्हाइकाचे कापड बिघडले तर पैसा जातोच, शिवाय विश्वासही जातो.

प्रथम टाका कसा पडतो ते पाहू, कारण हे एकदा समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. आपल्या यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. टोकाला नेढे असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांच्या जोडीचे पेटंट अमेरिकेत इलायस हाव याने १८४६ साली घेतले. पुढे १८५१ साली ॲलन विल्सन याने फिरत्या आकड्याची युक्ती काढली. सुई कापडातून खाली जाते आणि वर येऊ लागताच तिच्या नेढ्यापाशी दोऱ्याचा एक लहानसा फास मोकळा होतो. आकड्याचे टोक तो फास पकडते आणि बॉबिनच्या डबीभोवती फिरवून आणते, त्यामुळे खालचा दोरा त्या फासात सापडतो. मग वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडात बसते. भरतकामासाठी कारखान्यात चालणाऱ्या प्रचंड यंत्रांतही हेच तत्त्व होते. स्वित्झर्लंडात इझाक ग्रोब्ली याने १८६३ साली असे यंत्र तयार केले. त्यातील धोटा नावेच्या आकाराचा असल्यामुळे त्या यंत्राला तिकडच्या बोलीत 'छोटी नाव' या अर्थाचेच नाव पडले.

म्हणजे प्रत्येक टाका ही दोन दोऱ्यांमधील रस्सीखेच आहे. वरचा दोरा गुंफण वर ओढतो, खालचा ती खाली ओढतो. साध्या शिवणात दोघांचे बळ समसमान असावे लागते, कारण गुंफण कापडाच्या मधोमध लपली पाहिजे. भरतकामात मात्र आपल्याला वरून पांढरा दोरा दिसावयास नको असतो, म्हणून ही खेच जाणूनबुजून खालच्याला जिंकू द्यावयाची असते. वरचा रंगीत दोरा थोडा खाली वळून उलट्या बाजूस गेला पाहिजे. साध्या शिवणीचा ताण तसाच ठेवून भरतकामास बसणे ही पहिली चूक येथेच होते.

आता परीक्षा कशी करावी? एका फालतू कापडावर, पण ज्यावर काम करावयाचे आहे त्याच जातीच्या कापडावर, मागे आधाराचा कागद लावून, चार-पाच मिलिमीटर रुंद आणि बोटाच्या दोन पेरांएवढी लांब अशी सॅटिन टाक्याची एक उभी पट्टी काढावी. मग कापड उलटे करून पाहावे. पट्टीच्या रुंदीचे तीन भाग कल्पावे. मधल्या भागात पांढरा दोरा आणि दोन्ही कडांच्या भागांत रंगीत दोरा दिसला, तर ताण उत्तम आहे असे समजावे. पांढरा मधून जवळजवळ नाहीसा झाला असेल तर वरचा दोरा फार सैल आहे अथवा खालचा फार घट्ट आहे. पांढरा अर्ध्याहून अधिक पसरला असेल, किंवा वरच्या बाजूसही डोकावू लागला असेल, तर वरचा फार घट्ट आहे अथवा खालचा फार सैल आहे. एका दोषाची दोन कारणे संभवतात हे येथे ध्यानात ठेवावे, कारण त्यांपैकी खरे कोणते हे शोधण्यातच सारे कौशल्य आहे.

या शोधात पुष्कळदा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार होतो. सुईखालच्या पट्टीच्या तळाशी दोऱ्याचे घरटे जमले की आपण म्हणतो, बॉबिन बिघडली. वस्तुतः दहापैकी बहुतेक वेळा ते घरटे वरच्या दोऱ्याचे असते, आणि त्याचा रंगच ते सांगत असतो. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, किंवा दोरा ओढणाऱ्या दांडीच्या छिद्रातून निसटलेला असतो. त्याला अडवणारे कोणी नसल्यामुळे तो हवा तेवढा खाली उतरतो आणि तेथे गुंता करतो. उपाय सोपा आहे. दाबपट्टी वर उचलून, म्हणजे चकत्या उघडतील, वरचा दोरा अगदी रिळापासून पुन्हा ओवावा. मग दाबपट्टी खाली करून दोरा हाताने ओढून पाहावा. आता त्याला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे.

ज्या भगिनी घरच्या साध्या यंत्रावर रिंग फिरवून भरतकाम करतात, त्यांच्यासाठी येथेच एक सूचना. आपण दाबपट्टीचा पाय काढून ठेवतो आणि खालचे दातेही उतरवतो. पाय नाही, मग दांडी कशाला खाली करावयाची, असे वाटून ती तशीच वर राहते. परंतु चकत्यांचा ताण त्या दांडीवरच अवलंबून असतो. दांडी वर राहिली की वरचा ताण शून्य, आणि खाली घरटे तयार. पाय असो वा नसो, काम सुरू करण्यापूर्वी दांडी खाली केलीच पाहिजे.

वरचा दोरा पुन्हा ओवूनही दोष कायम राहिला तर सुई बदलावी. सुई किंचित वाकलेली अथवा बोथट असेल तर फास वेळेवर होत नाही, आणि टाके कधी चांगले तर कधी वाईट पडतात. नेहमीच्या भरतकामाच्या दोऱ्याला ११ नंबरची, म्हणजे ७५ क्रमांकाची सुई बहुधा योग्य ठरते. जरीच्या दोऱ्याला मोठ्या नेढ्याची, १४ नंबरची सुई घ्यावी, वरचा ताण कमी करावा आणि यंत्र सावकाश चालवावे. खाली मात्र नेहमीचा बारीक दोराच असावा. जरी घासून तुटते आणि आपण बॉबिनला दोष देत बसतो, असे पुष्कळदा घडते.

यानंतर बॉबिनकडे वळावे. ती बाहेर काढून हातात घ्यावी आणि तिची गुंडाळी बोटाने दाबून पाहावी. गुंडाळी सर्वत्र सारखी आणि घट्ट असली पाहिजे. एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खळगा असेल, किंवा ती स्पंजासारखी दबत असेल, तर ताण कधीच स्थिर राहणार नाही. दोरा भरताना तो गुंडाळण्याच्या यंत्रणेवरील ताणाच्या चकतीतून जातो आहे ना, हे पाहावे. घाईने अतिवेगाने भरू नये. पॉलिस्टरचा दोरा वेगात ताणला जातो, बॉबिनवर ताणलेलाच राहतो आणि कापडात गेल्यावर आखडतो. मग कापडाला सुरकुत्या पडतात आणि आपण कारण भलतीकडे शोधतो. बॉबिन काठोकाठ भरू नये, थोडी मोकळी जागा ठेवावी. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळण्याची काटकसरही करू नये. ती अखेर महाग पडते.

आता डबी. बॉबिन ज्या धातूच्या डबीत बसते तिच्या बाजूला पोलादाची एक पातळ पट्टी असते. हीच स्प्रिंग खालच्या दोऱ्यावर ताण ठेवते. दोरा डबीच्या चिरेतून या पट्टीखाली सरकून बाहेर आला पाहिजे. तो पट्टीखाली गेलाच नाही तर ताण कसला? बॉबिन कोणत्या दिशेने फिरावी हेही त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दाखविलेले असते. उलटी बसवली तर दोरा पट्टीखालून निसटू शकतो.

या पट्टीखालीच आपला खरा शत्रू दडलेला असतो, तो म्हणजे कापूस. दोऱ्याचे सूक्ष्म तंतू, वरच्या मेणाचा अंश आणि तेल यांची मिळून एक बारीक गादी तेथे तयार होते. ती पट्टीला उचलून धरते आणि ताण नाहीसा होतो. या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा रेशमी ब्लाउज माझ्याकडे होता. पाठीवर वेल काढताना पांढरे ठिपके वर येऊ लागले. मी बॉबिनचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, मग आणखी अर्धा. ठिपके कमी झाले, परंतु थोड्याच वेळात खालचा दोरा तटातटा तुटू लागला. मग मी वरची चकती सैल केली, पुन्हा खालचा स्क्रू सैल केला. मध्यरात्रीपर्यंत मूळ ताण कोठे होता हेच मी विसरून गेले. टाके उसवले, तर रेशमावर सुईची छिद्रे तशीच राहिली. रेशमाची छिद्रे मिटत नाहीत. कापड नव्याने आणावे लागले, आणि ते आणावयास त्या मुलीच्या आईबरोबर जाताना मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी एका जाणत्या शिंप्याने डबी हातात घेतली आणि पट्टीखालून तिळाएवढा कापसाचा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. आधी त्या गोळ्याने पट्टी उचलून धरली होती म्हणून ताण सैल होता. मी स्क्रू आवळीत गेले, गोळा मधूनच सरकला आणि पट्टी एकदम घट्ट बसली. दोष स्क्रूचा कधीच नव्हता.

तो गोळा काढण्याची रीत अशी. बॉबिन काढून घ्यावी. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून, दोरा ज्या मार्गाने जातो त्याच मार्गाने, दोन-तीनदा सरकवावा. टाचणी किंवा सुई घालू नये, कारण तिने ओरखडा पडतो आणि मग तो ओरखडाच दोरा कातरीत राहतो. आकड्याच्या भोवतालचा कापूस मऊ कुंचल्याने बाहेर ओढावा. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीने कापूस आणखी आत जातो आणि श्वासातील ओल धातूवर बसते. गोवा-कोकणाच्या दमट हवेत पावसाळाभर झाकून ठेवलेल्या यंत्राच्या डबीला गंजही चढतो, तोही तपासावा. साफसफाईनंतर पुस्तिकेत सांगितले असेल तर आकड्याच्या खोबणीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा आणि पहिले काही टाके फालतू कापडावर घ्यावेत.

एवढे करूनच डबीच्या ताणाची परीक्षा घ्यावी. भरलेली बॉबिन डबीत घालावी. भरलेली अशासाठी की डबीच्या वजनावर ही परीक्षा अवलंबून आहे, आणि रिकामी होत आलेली बॉबिन भलतेच उत्तर देते. दोऱ्याचे टोक चिमटीत धरून डबी तळहाताच्या वर लोंबती सोडावी. ती आपण होऊन भराभर खाली घसरली तर ताण सैल आहे. हाताला हलका हिसका दिल्यावर ती इंचभर घसरून थांबली तर ताण योग्य. हिसका देऊनही ती जागची हलली नाही तर ताण घट्ट. कारखान्यातून हा ताण लहानशा काट्याने मोजतात. भरतकामाच्या यंत्रांवर खालचा ताण साधारणतः १८ ते २५ ग्रॅम ठेवतात, तर वरचा शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि नाजूक रेयॉनसाठी त्याहून थोडा कमी. खालचा दोरा वरच्यापेक्षा कितीतरी हलका धरलेला असतो हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु वरच्या दोऱ्याला प्रत्येक टाक्यासरशी डबीभोवती फिरून पुन्हा वर यावयाचे असते, आणि त्याला आवरून धरण्यास तेवढे बळ लागते.

परीक्षेत ताण खरोखरच चुकीचा ठरला, तरच पेचकस हाती घ्यावा. डबीच्या पट्टीवर बहुधा दोन स्क्रू असतात. टोकाचा लहान स्क्रू पट्टी जागेवर धरून ठेवतो, त्याला हात लावू नये. मधला मोठा स्क्रू ताणाचा. पांढरे कापड पसरून त्यावर काम करावे, म्हणजे स्क्रू निसटला तरी सापडेल. फिरवण्यापूर्वी स्क्रूची खाच कोणत्या दिशेस आहे ते कागदावर घड्याळाचे वर्तुळ काढून त्यात काट्यासारखे नोंदवावे. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविल्यास ताण वाढतो, उलट फिरविल्यास कमी होतो. एका वेळी पाच मिनिटांच्या अंतराएवढेच फिरवावे, आणि दर वेळी डबी लोंबती सोडून पाहावी. अर्धा फेरा ही फार मोठी गोष्ट आहे. काही यंत्रांत बॉबिन वरून टाकण्याची सोय असते आणि तिच्या प्लॅस्टिकच्या डबीवरील स्क्रूला कारखान्यानेच रंगाचा ठिपका लावलेला असतो. तो न फिरवता भरतकामासाठी निराळी डबी घ्यावी हे उत्तम. किंबहुना साध्या यंत्रासाठीही शिवणीची एक आणि भरतकामाची एक अशा दोन डब्या ठेवाव्यात. दोन साड्यांच्या फॉलएवढ्या खर्चात रोजची ओढाताण वाचते.

खालचा ताण एकदा बसला की मग तो तेथेच सोडावा आणि बाकीची सुधारणा वरच्या चकतीने करावी. आधी खालचा, मग वरचा, हा क्रम मोडू नये. दोन्हीकडे एकाच वेळी हात घातला तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

सुरत-बडोद्याकडे अनेक डोक्यांची मोठी यंत्रे चालविणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती सांगते. बारा डोक्यांपैकी एकावरच काम वाईट येत असेल, तर त्या डोक्याची डबी आणि शेजारच्या डोक्याची डबी यांची अदलाबदल करावी. दोष डबीबरोबर शेजारी गेला तर दोष डबीचा. दोष जागेवरच राहिला तर वरच्या ताणात किंवा सुईत कारण शोधावे. डब्यांवर अनुक्रमांक कोरून ठेवले तर ही तपासणी दोन मिनिटांत होते. जमिनीवर पडलेल्या डबीची कड किंचित जरी दबलेली असली तरी ती बाजूला काढावी. अशी डबी कोणत्याही स्क्रूने सुधारत नाही.

शेवटी एक सावधगिरी. सर्वच सुरकुत्या ताणामुळे पडत नाहीत. रिंगमध्ये कापड ताणून बसविले असेल तर रिंग काढताच ते आखडते आणि नक्षीभोवती चुण्या दिसतात. कापड रिंगमध्ये सपाट असावे, ताणलेले नसावे, आणि पातळ कापडाला मागून पुरेसा आधार द्यावा. तेवढे न करता ताणाशी झगडत बसणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

महात्मा गांधी १९२४ साली यंत्रांविषयी बोलत असताना त्यांनी शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. घरातील स्त्रीचे कष्ट वाचविण्याच्या प्रेमातून ते जन्मले, असा त्यांचा भाव होता. कष्ट वाचविण्यासाठी आलेल्या यंत्रापुढे कोणी रात्र रात्र डोळे फोडीत बसावे हे बरे नव्हे. म्हणून हा क्रम एका कागदावर लिहून यंत्राजवळ चिकटवून ठेवावा: वरचा दोरा पुन्हा ओवा, सुई बदला, बॉबिनची गुंडाळी पाहा, कापूस काढा, डबी लोंबती धरून पाहा, आणि सर्वांत शेवटी स्क्रू. बहुतेक दिवशी आपण शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचणारच नाही.